पहिला करार : सोडावा कीं सुधारावा?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या धामधुमींत एक संध्याकाळ तरुणांच्या पोटापाण्याच्या प्रश्नाला द्यावी, ही सूचना समितीच्या चिटणीसांनीं केली, ती मला मनापासून रुचली. पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वसईच्या या पट्ट्यांतील तरुण कामाला लागे तो एकतर घरच्या वाडींत, नाहींतर आगगाडीनें मुंबईस जाऊन एखाद्या कचेरींत वा कारखान्यांत. वाडींत तो स्वतःच धनी असे. कचेरींत त्याला ठरलेल्या दिवशीं ठरलेला पगार मिळे. आज या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आपल्या मुलामुलींनीं धरिला आहे. कोणी घरीं बसून अनुवाद करितो, कोणी चित्रें काढितो, कोणी लग्नसमारंभाच्या चित्रफिती जुळवितो, कोणी संगणकाची आज्ञावली लिहितो. यांस पगार नाहीं, रजा नाहीं, प्रॉव्हिडंट फंड नाहीं. काम तेवढें दाम. यालाच हल्लीं फ्रीलान्स म्हणतात. आपल्या वाडवडिलांच्या भाषेंत सांगावयाचें तर हें उक्तें काम होय.

उक्त्या कामाला करार लागतो. आणि पहिला करार हा बहुधा गरजेपोटीं, आनंदाच्या भरांत, नीट न वाचतां सही केलेला असतो. चार-सहा महिने लोटले म्हणजे तोच करार गळ्यांत रुतूं लागतो. मग हीं मुलें माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारितात : "फादर, सोडूं कीं पुन्हा बोलून पाहूं?" घरच्या मंडळींकडून त्यांस दोन उत्तरें अगोदरच मिळालेलीं असतात. वडील म्हणतात, "शब्द दिलास ना? मग पाळ." मित्र म्हणतात, "फेक तो कागद आणि मोकळा हो." दोन्ही उत्तरें क्षणांत देतां येतात, म्हणूनच तीं मला अपुरीं वाटतात. आज या प्रश्नाचा आपण थोडा सावकाश विचार करूं.

प्रथम एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतों. ओळख पटूं नये म्हणून कांहीं तपशील बदलले आहेत. परंतु हिशेब खरा आहे. आपल्यांतील एका मुलीनें एम. ए. झाल्यावर मुंबईच्या एका व्यवसायसंस्थेशीं अनुवादाचा करार केला. दर शब्दास एक रुपया. महिन्याला निदान ३०,००० शब्द तिनें घेतलेच पाहिजेत. मुदत एक वर्षाची. बिल दिल्यापासून ६० दिवसांनीं पैसे. संस्था सांगेल तितक्या वेळां दुरुस्ती विनामूल्य. करार चालू असतां व संपल्यावर आणखी दोन वर्षें याच धंद्यांतल्या दुसऱ्या कोणाचें काम करावयाचें नाहीं. तीस दिवसांची लेखी सूचना देऊन कोणीहि करार सोडूं शकेल. परंतु तिनें वर्षाच्या आंत सोडला तर ५०,००० रुपये दंड. चौथ्या महिन्यांत संस्थेनें एका ओळीच्या ई-मेलनें कळविलें कीं, यापुढें अर्धें काम यंत्रानें अनुवादिलेलें येईल, तें तिनें नीट करून द्यावें, आणि त्याला शब्दामागें ४० पैसे मिळतील.

ती मुलगी रडवेली होऊन आली. तिच्या मनांत दोन भीति होत्या. करार सोडला तर आपण शब्दाला न जागणारी ठरूं, ही एक. आणि ५०,००० रुपये आणावयाचे कोठून, ही दुसरी. तिची आई सोबत होती. ती म्हणाली, "फादर, हें पहिलें काम. पहिल्याच कामांत भांडण काढलें तर पुढें हिला कोण विचारील?" या माउलीचें म्हणणें मी हंसण्यावारी नेलें नाहीं. ज्या घरांत त्या २०-३० हजारांवर किराणा आणि धाकट्या भावाची फी चालते, त्या घरांत हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसतो.

मीं तिला प्रथम एवढेंच सांगितलें : "बाळ, कांहीं ठरविण्यापूर्वीं मोजून पाहा." आपल्याकडे म्हण आहे, आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. उक्त्या कामांत आपले तास न मोजणारा मनुष्य असाच दळीत राहतो. तिनें कागद घेतला. तासाला २५० शब्द या वेगानें ३०,००० शब्दांस १२० तास लागतात, म्हणजे तासाला २५० रुपये, या समजुतीनें तिनें सही केली होती. पण प्रत्येक मजकूर दोन-तीनदां परत येई आणि त्या दुरुस्त्यांत महिन्याचे आणखी ६० तास जात. म्हणजे १८० तासांचे ३०,००० रुपये. तासाला १६६ रुपये. आतां अर्धें काम यंत्राचें झाल्यावर मिळकत १५,००० अधिक ६,००० अशी २१,००० होणार. यंत्राचा मजकूर सुधारण्यास तासाला ३७५ शब्द धरले तरी ४० तास. स्वतःच्या अनुवादाचे ६० तास. आणि दुरुस्त्यांचे ६० तास तसेच. १६० तासांचे २१,००० रुपये, म्हणजे तासाला १३१. अडीचशांचें काम एकशें एकतीसवर आलें, आणि तेंहि दोन महिन्यांनीं मिळणार.

हा हिशेब मांडतांच तिचें रडणें थांबलें. कारण आतां तक्रारीला आकार आला. "मला परवडत नाहीं" असें म्हणणारा मनुष्य याचना करीत असतो. "माझे ६० तास फुकट जात आहेत" असें म्हणणारा मनुष्य वाटाघाट करीत असतो.

आतां तिच्या पहिल्या भीतीकडे वळूं. दिलेला शब्द मोडणें हें पाप आहे, ही आपल्या लोकांची समजूत मला प्रिय आहे आणि ती सैल व्हावी असें मी कधींहि म्हणणार नाहीं. परंतु शब्द म्हणजे काय, हेंहि पाहिलें पाहिजे. तेराव्या शतकांतील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्विनस यांनीं या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांच्या मतें, प्रामाणिक हेतूनें वचन देणारा मनुष्य, व्यक्तींची वा व्यवहाराची स्थिति पालटल्यामुळें वचन पार पाडूं शकला नाहीं, तर तो असत्यवादी ठरत नाहीं. वचनाचें बंधन राहण्यास परिस्थिति तशीच राहावी लागते. येथें तर परिस्थिति दुसऱ्याच पक्षानें पालटली होती. दर एक रुपया ठरला असतां तो ४० पैसे करणें, हें करार पाळणें नव्हे. तसेंच परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनीं १५ मे १८९१ रोजीं प्रसिद्ध केलेल्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रांत मजुरीविषयीं असा सिद्धांत मांडला कीं, केवळ दोघांनीं कबूल केलें म्हणून मोबदला न्याय्य ठरत नाहीं. गरजेनें वा अधिक वाईटाच्या भयानें कामगारानें कठोर अटी मान्य केल्या असतील, तर तो बळजोरीचाच बळी होय. म्हणून नम्रपणें पुन्हा बोलणी करणें ह्यांत शब्दभंग नाहीं. उलट, मनांत कुढत वाईट काम देत राहणें, हाच खरा शब्दभंग होय.

दुसरें असें कीं, करार पुन्हा मांडण्याची रीत आजची नव्हे. रोम येथील संत पेत्रुसाच्या मंदिरांतील 'पिएता' हें शिल्प, म्हणजे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेली पवित्र मरिया, याचें चित्र आपल्यांतील कित्येकांच्या घरीं असेल. तें घडविणारा मायकेलअँजेलो १४७५ सालीं जन्मला. २७ ऑगस्ट १४९८ रोजीं, तेवीस वर्षांच्या वयांत, त्यानें एका फ्रेंच कार्डिनलांशीं या शिल्पाचा करार केला. मोबदला ४५० सुवर्ण डुकाट. मुदत एक वर्ष. काम सुरू करण्यापूर्वीं १५० डुकाट, आणि पुढें दर चार महिन्यांनीं १००. त्याच्या वतीनें याकोपो गाल्ली नामक रोमन गृहस्थ जामीन राहिला. तरुणांनो, या करारांतील शहाणपण पाहा : काम एक, मुदत स्पष्ट, एक तृतीयांश रक्कम आगाऊ, आणि बाकीची टप्प्याटप्प्यानें. पांचशें वर्षांपूर्वींचा हा कागद आजच्या कित्येक करारांहून सरस आहे.

पुढें १६ ऑगस्ट १५०१ रोजीं फ्लॉरेन्स येथें त्यानें 'दावीद'च्या पुतळ्याचें काम घेतलें. तेथें मुदत दोन वर्षांची आणि मोबदला महिन्याला सहा फ्लोरिन एवढाच ठरला होता. पण १५०२ च्या फेब्रुवारींत काम अर्धें झालेलें दिसतांच एकंदर किंमत ४०० फ्लोरिन ठरविण्यांत आली. दोन वर्षांचे दरमहा सहा धरले तर १४४ होतात. वाढ लहान नव्हे. ती मिळाली केव्हां? काम डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें तेव्हां. पुन्हा बोलणी करण्याचा उत्तम काळ हाच. पहिल्या आठवड्यांत आपल्या हातीं दाखविण्यास कांहीं नसतें. आणि काम संपवून दिल्यावर दुसऱ्याला आपली निकड राहत नाहीं. मधला काळ, चांगलें काम अर्धें पुढें ठेवून, हाच बोलण्याचा काळ.

याच मनुष्याची तिसरी गोष्ट इशाऱ्याची आहे. १५०५ सालीं परमगुरुस्वामी दुसरे युलिउस यांनीं आपल्या समाधीचें काम त्याला सांगितलें : पांच वर्षें, १०,००० डुकाट, आणि चाळीसांच्यावर शिल्पें. संगमरवर आणण्यांत त्याचे महिने गेले. मग पैसे मिळण्यांत अडथळा आला, भेटहि नाकारली गेली. १५०६ च्या एप्रिलांत तो रागानें रोम सोडून निघून गेला आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत बोलोन्या येथें त्याला पोपमहोदयांपुढें येऊन समेट करावा लागला. ते निवर्तल्यावर १५१३, १५१६, १५३२ व १५४२ असे चार वेळां त्याच कामाचे नवे करार झाले. अखेर १५४५ सालीं, चाळीस वर्षांनीं, मूळ कल्पनेहून पुष्कळच लहान अशी समाधि रोम येथील 'साखळदंडांतील संत पेत्रुस' या मंदिरांत पुरी झाली. काम किती, हें आरंभीं आटोक्यांत न ठेवल्यास करार जन्माला पुरतो. आणि रागानें उठून जाणें म्हणजे करार सोडणें नव्हे, हे दोन धडे यांतून घ्यावे.

आतां तिच्या दुसऱ्या भीतीकडे, म्हणजे कायद्याकडे वळूं. मी वकील नाहीं. परंतु जें प्रत्येक सही करणाऱ्यानें जाणावें तेवढें सांगतों. आपल्या देशांतील करारांचा मुख्य कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ६२ अन्वयें जुन्या कराराच्या जागीं नवा करार करणें किंवा त्यांत फेरफार करणें हें दोन्ही पक्षांच्या संमतीनें होतें. एका पक्षाच्या एका ओळीच्या ई-मेलनें दर बदलत नाहीं. मात्र येथें एक मोठी खाच आहे. नव्या दराचें पत्र आलें आणि तुम्ही मुकाट्यानें त्या दरानें काम करून बिल पाठवूं लागलां, तर तुमच्या वागण्यावरून संमति होती असें म्हणतां येतें. म्हणून मान्य नसेल तर तत्काळ, लेखी, आणि सौम्य शब्दांत कळवावें : "आपलें पत्र पोंचलें, हा बदल मला मान्य नाहीं, याविषयीं बोलण्याची इच्छा आहे, तोंपर्यंत जुन्या दरानेंच काम करीत आहें." ई-मेलनें झालेला करार केवळ त्या कारणानें अमान्य होत नाहीं, हें माहिती तंत्रज्ञानाच्या २००० सालच्या कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें स्पष्ट झालें आहे, म्हणून ई-मेल जपून ठेवावे.

दंडाविषयीं कलम ७४ आहे. करारांत दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप द्यावी लागत नाहीं. न्यायालय वाजवी भरपाई देववितें आणि लिहिलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा ठरते. म्हणजे ५०,००० हा आंकडा वरचें छप्पर आहे, जमीन नव्हे. दुसऱ्याचें काम करूं नये या बंधनाविषयीं कलम २७ सांगतें कीं, कोणास कायदेशीर धंदा करण्यापासून अडविणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल होय. करार चालू असतांचें बंधन न्यायालयें बहुधा मान्य करितात. सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ सालचा निर्णय त्याच अर्थाचा आहे. परंतु करार संपल्यावर दोन वर्षें हात बांधून ठेवणारें कलम सहसा टिकत नाहीं. मात्र गिऱ्हाइकाचीं गुपितें बाहेर न फोडण्याचें बंधन करार संपल्यावरहि पाळावें. तें न्याय्यच आहे.

पैशाच्या मुदतीविषयीं २००६ सालचा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा फार उपयोगी आहे. एकटा घरीं बसून सेवा देणाराहि 'उद्यम' नोंदणी करून सूक्ष्म उद्योग ठरूं शकतो. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. ती काम घेण्यापूर्वींच करावी. अशा उद्योगाचें देणें, कामाचा स्वीकार झाल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे नेतां येत नाहीं. करारांत ६० लिहिले असले तरीहि. मुदतच ठरलेली नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ व्याज लागतें, आणि तक्रारीसाठीं सुविधा परिषदा नेमलेल्या आहेत. तसेंच, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें स्त्रियांना, त्यांचें उत्पन्न कितीहि असो, विनामूल्य कायदेशीर मदत मागतां येते. मोठ्या रकमेचा प्रश्न असेल तर तेथें किंवा ओळखीच्या वकिलाकडे जावें. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबूं नये.

ही माहिती तलवारीसारखी म्यानांतच असावी. त्या मुलीनें आपल्या पहिल्या पत्रांत एकाहि कलमाचा उल्लेख केला नाहीं. तिनें काय केलें तें सांगतों, कारण तेंच अनुकरणीय आहे. प्रथम तिनें दराचा बदल मान्य नसल्याचें वर सांगितल्याप्रमाणें कळविलें. मग चार महिन्यांच्या कामाचा तक्ता केला : किती शब्द, किती तास, किती वेळां मजकूर परत आला, आणि त्यांपैकीं तिची स्वतःची चूक किती ठिकाणीं होती. चुका लपविल्या नाहींत. नंतर तिनें आपल्या मागण्या तीन सदरांत मांडल्या : दर, मुदत आणि मोकळीक. बोलणी करणाऱ्यानें हीं तीन सदरें नेहमीं वेगळीं ठेवावीं. पुष्कळ मुलें केवळ दरासाठीं हट्ट धरितात, आणि दर हीच गोष्ट दुसऱ्याला वाढवून देणें सर्वांत जड जातें. मुदत व मोकळीक देण्यास त्याला बहुधा कांहीं पडत नाहीं, आणि आपल्याला मात्र त्यानें श्वास घेतां येतो.

शिवाय तिनें एक गोष्ट अगोदर स्वतःशीं ठरविली : कोणत्या मर्यादेखालीं आपण थांबणार नाहीं. तासाला १८० रुपयांच्या खालीं जाणें नाहीं, आणि दुसरें काम घेण्याची मोकळीक मिळाल्यावांचून राहणें नाहीं. ही मर्यादा घरीं बसून, शांतपणें, कागदावर लिहावी लागते. समोरासमोर बसल्यावर ती सुचत नाहीं. तेथें अडला हरि गाढवाचे पाय धरी, अशी स्थिति होते.

भेट झाली. व्यवस्थापक कांहीं राक्षस नव्हता. त्याच्याहि डोक्यावर कमी खर्चांत काम करवून घेण्याचा लकडा होता. अखेर ठरलें तें असें. स्वतःच्या अनुवादाचा दर एक रुपयाच राहिला; त्यांत वाढ झाली नाहीं. यंत्राच्या मजकुराचा दर ४० वरून ६५ पैशांवर आला. महिन्याची सक्ति ३०,००० वरून २०,००० शब्दांवर आली. तिच्या चुका तिनें कितीहि वेळां फुकट सुधाराव्या. पण संस्थेचें मत बदलल्यामुळें एकाहून अधिक वेळां फेरफार झाल्यास तासाप्रमाणें आकार पडावा. पैसे ४५ दिवसांत. दंडाचें कलम गाळलें. बंधन एवढेंच राहिलें कीं, करार चालू असेपर्यंत त्या संस्थेच्या गिऱ्हाइकांकडे तिनें परस्पर जाऊं नये. हें सर्व एका पानावर लिहून दोघांनीं सह्या केल्या.

आतां हिशेब पाहा. १०,००० अधिक ६,५०० असे १६,५०० रुपये. तास सुमारें ८७. म्हणजे तासाला जवळजवळ १९०. तिची मासिक मिळकत २१,००० वरून १६,५०० वर आली, हें मी लपवीत नाहीं. तिच्या आईनें तो महिना ओढाताणीनें काढला. परंतु महिन्याचे सत्तरांहून अधिक तास मोकळे झाले, आणि तिसऱ्या महिन्यांत त्या तासांत दुसरें काम येऊन बसलें. वर्ष संपल्यावर तिनें पहिला करार पुन्हा केला नाहीं. परंतु सलोख्यानें निरोप घेतला, आणि त्याच व्यवस्थापकानें पुढें तिचें नांव दुसरीकडे सुचविलें. आईच्या भीतीला उत्तर मिळालें तें असें.

मग सोडावें केव्हां? सोडणें हेंहि कांहीं प्रसंगीं कर्तव्य असतें. चार प्रसंग मला स्पष्ट दिसतात. केलेल्या कामाचे पैसे मुदत उलटूनहि येत नाहींत आणि पत्राला उत्तरहि येत नाहीं, हा पहिला. पुन्हा बोलून, लिहून ठरविलेलें पुन्हा मोडलें जातें, हा दुसरा. एकदां बोलणी करणें शहाणपणाचें, त्याच गोष्टीसाठीं तिसऱ्यांदा करणें व्यर्थ. खोटें करण्यास सांगितलें जातें, दुसऱ्याचें लिखाण चोरून आपलें म्हणून देण्यास किंवा खोटीं बिलें करण्यास, हा तिसरा; येथें हिशेबाची गरजच नाहीं. आणि प्रकृति ढासळूं लागते, झोंप उडते, घरांत कोणाशीं धड बोलणें होत नाहीं, हा चवथा.

सोडतांना मात्र रीतीनें सोडावें. करारांत लिहिलेल्या मुदतीची लेखी सूचना द्यावी. हातांतलें काम, निदान ज्याचे पैसे घेतले तें, पुरें करावें. गिऱ्हाइकाचे कागद, संकेतशब्द व साहित्य परत करून त्याची पोंच घ्यावी. बाकी येणें किती, याची यादी तारखांसह त्याच पत्रांत द्यावी. येणें असलेल्या पैशांचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आंत करावा लागतो, हें ध्यानांत ठेवावें. आणि शक्य असेल तर सोडण्यापूर्वीं दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाची तरतूद करावी. संतापाच्या भरांत रात्रीं दोन वाजतां निरोप धाडून मोकळें होणें म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणें होय.

ज्यांच्यावर अजून हा प्रसंग आलेला नाहीं त्यांस एवढेंच सांगतों : सही करण्यापूर्वीं पांच गोष्टी कागदावर पाहाव्या. काम नक्की किती. दुरुस्त्या किती वेळां. आगाऊ किती आणि बाकी केव्हां. लिखाणाचे वा चित्राचे हक्क गिऱ्हाइकाकडे केव्हां जाणार, पूर्ण पैसे पोंचल्यावर कीं त्यापूर्वींच. आणि कोणालाहि करार कसा संपवितां येईल. पैशाची गोष्ट काढण्यास आपल्या मुलांना लाज वाटते. ताकाला जाऊन भांडें कशास लपवावें? विचारणारा लोभी ठरत नाहीं. न विचारतां मागाहून कुरकुरणाराच अप्रिय होतो.

शेवटीं दोन शब्द वडील मंडळींस. मुलगा वा मुलगी करार पुन्हा मांडूं पाहते तेव्हां तिला भांडखोर म्हणूं नका. आपल्या वाडींतलीं फुलें दादरच्या बाजारांत नेणारी बाई भाव न ठरवितां टोपली उतरवीत नाहीं, आणि तिला कोणी भांडखोर म्हणत नाहीं. तुमच्या मुलीच्या टोपलींत फुलांऐवजीं शब्द आहेत, एवढाच फरक. आणि दुसरें : या उक्त्या काम करणाऱ्यांचीं गिऱ्हाइकें आपणहि आहों. लग्नाची चित्रफीत, दुकानाची पाटी, बारशाची पत्रिका आपण आपल्याच गांवच्या मुलांकडून करवून घेतों आणि "आपलाच आहे, देऊं सावकाश" असें म्हणतों. हें बंद झालें पाहिजे. या महोत्सवाच्या स्मरणिकेचें मुखपृष्ठ आपल्यांतलाच एक तरुण करीत आहे. त्याच्याशीं समितीनें एक पानाचा करार केला आहे : अर्धी रक्कम आगाऊ, ती त्याला पोंचली, दोन वेळां फेरफार, उरलेली रक्कम चित्र स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत. चित्र गेल्या रविवारीं स्वीकारलें. खजिनदारसाहेब समोर बसले आहेत. उरलेल्या दिवसांचा हिशेब त्यांनीं करावा.

इतकें बोलून मी आपली रजा घेतों. ज्यांना आपले करार दाखवावयाचे असतील त्यांनीं ते कागद आणि आपल्या तासांचा तक्ता, दोन्ही घेऊन यावें. दार उघडें आहे.